पिशवी साफ करायची गोळी

विरूपाक्षअप्पाला लोक देवमाणूस म्हणतात. म्हणू द्या. माझं बांगड्यांचं दुकान त्यांच्या मेडिकलला लागून हाय, तीस वर्षं एकाच भिंतीला पाठ लावून बसलोय आम्ही. माणूस चांगला, पण लई हट्टी. डोकं फिरवणारा हट्टी.

लातूर जिल्हा नवा झाला, त्या साली शिरूर अनंतपाळात त्यांनी दुकान टाकलं. घरात बायको दानम्मा. तिला चार वेळा दिवस गेले, चारही वेळा पोट पडलं, आणि पाचव्या खेपेला तीच गेली. तेव्हापासून अप्पा एकटे. आपली भाकरी आपणच थापायची, भिंतीकडं तोंड करून खायची, की दुकानात येऊन बसायचं. दिवाळी असो, पंचमी असो, दाराशी कोणी यायचं नाही. त्यातच त्यांनी एक नेम धरला. पोट पाडायचं औषध आपल्या हातून द्यायचं नाही, मग डॉक्टरची चिठ्ठी असली तरी.

मी भांडायची. म्हणायची, कायद्यानं मुभा दिलीय, डॉक्टरनं लिहिलंय, मधे तुम्ही कोण? बाईचं दुखणं बाईला ठाऊक. ते म्हणायचे, माझं मन घेत नाही. झालं, बोलणं खुंटलं.

मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. चार मैलांवर पाझर तलावाचं काम निघालं. तिथं पंचफुला सासूसंगं माती वाहायची. बौद्ध घरातली पोर, माहेर लांब उमरीकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. तिसरा महिना होता. टोपलं उचलताना पोट पडलं आणि रक्त थांबेना. कामावर फेरीला आलेल्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली. ती घेऊन सासू धुरपताबाई भर उन्हात चालत अप्पांच्या दुकानात आली.

चिठ्ठीत होती गर्भपिशवी आवळणारी गोळी. ती रक्त थांबवायला देतात, आणि कोणी कोणी पोट पाडायलाही घेतं. अप्पांनी विचारलं, कशासाठी पाहिजे? आता परक्या पुरुषासमोर म्हातारी काय सांगणार? पदर तोंडाला लावून म्हणाली, "सुनंची पिशवी साफ करायची हाय."

आम्हा बायकांत बाळंतीण झाली तरी, पोट पडलं तरी, पाडलं तरी हाच शब्द. पुरुषांच्या डोक्यात मात्र त्याचा एकच अर्थ. अप्पांनी चिठ्ठी परत केली. हे पाप माझ्याकडून होणार नाही म्हणाले. पाप म्हटल्यावर म्हातारी गांगरली, आणि तशीच माघारी वळली.

मी टँकरवरून घागर घेऊन आले, तोवर ती जाऊन तास उलटून गेला होता. अप्पांनी हे सगळं मला सांगितलं, आणि वर तोंडावर समाधान! माझं टाळकंच सरकलं.

"अप्पा, नुसतं रक्त जात असलं तरी आम्ही हेच म्हणतो," मी म्हटलं. "आणखी एक सवाल विचारला असता तर जीभ झिजली असती का?"

अप्पांनी गोळ्या खिशात कोंबल्या, दुकान तसंच उघडं टाकलं आणि सायकल काढली. कामावर पोचले तेव्हा पंचफुलाच्या तोंडावर लुगडं ओढलेलं होतं.

कोणी अप्पांना बोल लावला नाही. कुणाला काय ठाऊक? धुरपताबाईच भेटेल त्याला सांगत सुटली, की मलाच नीट सांगता आलं न्हाई, माझ्या तोंडानं सून गेली. दर बाजारच्या दिवशी मेडिकलच्या पायरीवर टेकायची आणि हेच घोकायची. अप्पा आत बसून ऐकायचे. त्यांचं जेवण तुटलं. आता बाई चिठ्ठी घेऊन आली की ते मला हाक मारतात, म्हणतात, काय दुखतंय ते तेवढं तुम्ही विचारा. मी विचारते. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते, काय करू?

एकदा मात्र मला राहवलं नाही. म्हातारी उठून गेल्यावर मी मेडिकलात शिरले. म्हटलं, अप्पा, चूक तुमची आणि ओझं ती वाहतीय. लाज बाळगा, सांगून टाका तिला.



"सांगितलं," म्हणाले. "चारदा सांगितलं, पाया पडून सांगितलं. ऐकत न्हाई. म्हनती, तुमी शिकलेले मानूस अप्पा, तुमचं कसं चुकंल."