दुसऱ्याच्या अंगावरचं

आमच्या घरात दुसऱ्याच्या अंगावरचं कापड कुणी घालत नाही. दुसऱ्याच्या म्हणजे अगदी सख्ख्या बहिणीच्यासुद्धा. माझा फ्रॉक आखूड झाला की आई त्याच्या चौकटी कापून गोधडीला लावायची, पण धाकटीच्या अंगावर चढवायची नाही. वर्षाला दोनच जोड मिळाले तरी चालतील, ते कोरे हवेत. भिवंडीतल्या कामतघरच्या चाळीत लोक आम्हाला हसायचे. खायला नाही दाणा आणि हिला कोरं हवं, म्हणायचे. आई त्यांच्याकडे बघायचीही नाही.

कारण तिने मला एकदाच सांगितलंय. तिचं लहानपण दिघाशीच्या बाजूच्या एका खेड्यात गेलं. सण झाला की मोठ्या घरांतून जुनी लुगडी, विटलेले सदरे आमच्या लोकांना मिळायचे. पण हातात कुणी देत नसे, विटाळ होतो म्हणून. ओट्यावरून खाली टाकायचे. आठ वर्षांची माझी आई खाली उभी राहून ते कापड मातीत पडायच्या आत झेलायची. "झेललं तर झेललं, न्हायतर झटकून घ्यायचं," एवढंच ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. भिवंडीत लूमवर सुताच्या कांड्या भरायला लागली तेव्हा पहिल्या पगारात तिने स्वतःला कोरं पातळ घेतलं. त्या दिवसापासूनचा हा नियम.

आणि माझं नशीब बघा, मला नोकरी लागली ती काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये, रिटर्नच्या टेबलावर. ऑनलाईन मागवलेलं कापड गिऱ्हाईक परत पाठवतं, ते पाकीट मी उघडते. माल कोरा असला तर पुन्हा विक्रीला, अंगाला लागलेला असला तर बाजूला. कॉलर उलटायची, काखेचा वास घ्यायचा, खिसे चाचपायचे. मे महिन्यात जाड जॅकेटांचा ढीग येतो, कारण लोक सुट्टीत मनालीला जातात, आठ दिवस मिरवतात आणि परत पाठवतात. चिठ्ठीवर कारण असतं, साईज बसली नाही. खिशात निघतं रोपवेचं तिकीट. एकदा तर अर्धं खाल्लेलं भाजकं कणीस निघालं. साईज बसली नाही म्हणे, आणि कणीस खायला हात बरा खिशापर्यंत पोचला! मला या लोकांचा इतका राग येतो की त्या दिवशी डबा गोड लागत नाही.

माझी धाकटी बहीण तीन वर्षांपूर्वी जपानला गेली. उत्तरेला सप्पोरो नावाचं मोठं शहर आहे, तिथे वृद्धांच्या निवासात म्हाताऱ्यांची देखभाल करते. ती निघाली तेव्हा तिचं जॅकेट मी निवडलं, अर्थात कोरं. सहा वर्षं रिटर्न तपासलेल्या बाईपेक्षा जॅकेटातलं जास्त कुणाला कळणार? "हे मॉडेल कधीच परत येत नाही," असं मी तिला छाती फुगवून सांगितलं होतं. पुढे तिने फोनवर सांगितलं की तिकडे आणखी एक कोट घेतला. मी म्हटलं, घे बाई, कमावतेस.

गेल्या वर्षी तिने मला बोलावलं. कधी येऊ विचारलं तर तिने सगळं वर्ष पुढ्यात मांडलं. जूनमध्ये ये, तेव्हा आपल्याकडे धो धो आणि इथे कोरडं असतं, संध्याकाळी पातळ जॅकेट पुरतं. ऑगस्टात तर साधा कुर्ता चालेल. ऑक्टोबरात पानं लाल होतात, स्वेटर लागतो. नोव्हेंबरात बर्फ सुरू होतो तो मार्च संपेपर्यंत हलत नाही.

"मी फेब्रुवारीत येते," मी म्हटलं.

"ताई, उणे आठ-दहा असतं तेव्हा. तू भिवंडीत एसीखाली शिंकतेस."

शिंकेन नाहीतर नाक गळेल, पण बघायचा तर तोच महिना बघायचा. ज्या थंडीत माझी बहीण एकटी दोन हिवाळे उभी राहिली, ती थंडी मी सुट्टीच्या मजेसाठी टाळू? नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. एक मावशी म्हणाली, तिकडून तुझी पेटी येईल. मी म्हटलं, येऊ दे, निदान कोऱ्या कपड्यात येईन.

मग बहिणीची यादी आली. अंगालगत सुती नको, कारण सुती घाम धरून ठेवतं आणि बाहेर गेलं की तोच घाम गार पडतो. भिवंडीच्या बाईला सुती घालू नकोस म्हणून सांगायचं! तर अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचं, सगळ्यांवर वारा अडवणारा लांब कोट. कान झाकणारी टोपी, हातमोजे, तळव्याला खाचा असलेले बूट. कोट सोडून सगळं मी दोन आठवड्यांत जमवलं, आणि कोटावर गाडी अडली.

गोडाऊनमधल्या मैत्रिणी म्हणाल्या, मागव, टॅग बाहीत खोचून ठेव, आठ दिवस घाल आणि पाठव परत. तुझ्याच टेबलावर येईल! सगळ्या खो खो हसल्या. सुपरवायझर म्हणाला, बाजूला काढलेल्या मालातला एक चांगला बघून ने, कुणाला काय कळतंय. बहीण म्हणाली, माझा जुना आहे तो घाल. मी तिघांनाही एकच सांगितलं: मी कुणाचं उतरलेलं घालणार नाही, आणि माझं उतरलेलं नवं म्हणून कुणाच्या गळ्यात मारणार नाही. नवा, तसला कोट घ्यायची माझी ऐपत नव्हती हेही खरं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी चाळीच्या तोंडाशी बसणाऱ्या टेलरकडे गेले. लूमवरून उतरलेलं जाड कोरं कापड, मध्ये उशीत भरतात तसला मऊ भराव, वरून उभ्या-आडव्या शिलाया. त्याने माप घेताना दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दीदी, ये कोट है या रजाई?"

"बाह्या लगाओ, फिर कोट है," मी म्हटलं.

मी तो घालून आरशात बघितलं. गादी उभी केल्यागत दिसत होते. पण कोरी होते. आईने कापड दोन बोटांत चोळून बघितलं आणि मान हलवली.

सप्पोरोला उतरले तेव्हा विमानातच मी सगळे थर चढवून बसले होते. ही माझी पहिली चूक. तिकडे आगगाडी, दुकानं, घरं, सगळं आतून इतकं तापवलेलं असतं की आपल्याकडचा मे महिना बरा. बहिणीच्या स्टेशनापर्यंत पोचेतो मी घामाने निथळले, आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच तो घाम पाठीवर गार पडला. पायाखाली पांढरं, पांढऱ्याखाली काच. न्यायला आलेली बहीण सांगत होती, पाऊल सपाट टाक, हात खिशातून बाहेर ठेव. बर्फ मात्र कोरडा होता, पिठासारखा. खांद्यावर पडला तर भिजवत नाही, झटकला की गेला. वारा आला तेव्हा टेलरच्या प्रत्येक शिलाईच्या भोकातून आत शिरला. बहिणीने विचारलं, "थंडी वाजतेय?" मी म्हटलं, "छे!" माझे दात वाजत होते.

खोलीवर तिने तिचा कोट काढून माझ्या हातात दिला, खुंटीला लाव म्हणून. गडद निळा, गुडघ्याच्या खालपर्यंत, आत पिसं भरलेला, आणि हाताला एवढा हलका की मला हेवा वाटला. सवयीने मी कॉलर उलटली. आत एक पांढरी पट्टी हाताने शिवलेली होती आणि तिच्यावर शाईने जपानी अक्षरं लिहिलेली होती. कारखान्याची पट्टी अशी नसते.

"हे काय लिहिलंय?"

तिने पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नाव आहे. निवासातल्या म्हाताऱ्यांच्या कपड्यांवर नावं लिहितात, धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून. तिथल्या एका आजींचा आहे."

मला राग आला. खोटं बोलली याचा आलाच, पण त्याहून जास्त आला तो आईसाठी. सगळा जन्म ती बाई हसणाऱ्यांकडे न बघता ताठ चालली, आणि तिची मुलगी परदेशात जाऊन दोन हिवाळे कुणाचं तरी जुनेर घालून फिरते! मी हे सगळं बोलले. आईला कळलं तर काय होईल, हेही बोलले.

"तू दिलेलं जॅकेट मनालीचं होतं, ताई," ती म्हणाली. "ते परत येत नसेल, पण इथे ते टिकत नाही. पहिल्या डिसेंबरात मी बसस्टॉपवर रडायची. तुला कसं सांगणार होते? तू एवढ्या अभिमानाने दिलेलं."

"मग नवा घ्यायचा."

"बरं," ती म्हणाली. "नाही घालत. चल, बाजारात जायचंय ना?" आणि नुसत्या स्वेटरवर, पायात बूट चढवून, ती बाहेर पडली.

आमच्या घरात हट्ट हा आईकडून सगळ्यांना सारखा वाटून मिळालेला आहे. मी तो निळा कोट हातावर घेऊन तिच्या मागे धावले, धावले म्हणजे सपाट पावलं टाकत गेले. दुपार टळत होती आणि उणे आठ होतं. बसस्टॉपवर ती हात छातीशी आवळून उभी राहिली. पाच मिनिटांत तिचे ओठ पांढरे पडले.

"घाल तो."

"नाही."

मी माझी रजाई उतरवायला लागले. "मग हा घे. हा कोरा आहे."

"कोरा होता," ती दात वाजवत म्हणाली. "आता तुझ्या अंगावरचा आहे."

मी अर्धी उतरवलेली बाही पुन्हा चढवली. बस दिसत नव्हती. ती थरथरत होती, आणि मला भीती वाटली. खरीखुरी भीती. मी मोबाईल काढला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. भिवंडीत तेव्हा जेवणवेळही झाली नव्हती. पंख्याखाली बसलेली आई दिसली. मी भडाभडा सगळं सांगितलं. कोट कुणाचा, हिने काय लपवलं, आता घालत नाही म्हणून हट्टाला पेटलीय. निळा कोट वर धरून दाखवलाही. मला वाटलं होतं, आईचा चेहरा पडेल. आई डोळे बारीक करून बघत राहिली.

"तिला दे फोन," ती म्हणाली. मी तो बहिणीच्या तोंडासमोर धरला.

"त्या बाईनं हातात दिला, का वरून टाकला?"

बहिणीला बोलताना धाप लागत होती. "हातात, आई. दोन्ही हातांनी. मला कापताना बघितलं तिनं. निवासात कुणाकडून भेटवस्तू घेता येत नाही, तर तिनं तिच्या मुलाला बोलावून ऑफिसात परवानगी काढायला लावली. मग मला समोर उभं केलं आणि स्वतःच्या हातानं चढवला. तिची बोटं वाकडी झालीयत, तरी बटनं तिनंच लावली. अर्धा तास लागला."

आईच्या मागे कुणाच्या तरी लूमची खडखड ऐकू येत होती. तिने पदराने तोंड पुसलं, मग डोळे पुसले.

"मंग उघडी काय उभी हाय ती?" आई माझ्यावरच खेकसली. "आणि तू काय बघत राहलीस? चढव तिला. वरचं बटन लाव आधी, गळा उघडा हाय पोरीचा."