बेगमची तब्येत

आमच्या भागात असा एकही माणूस सापडायचा नाही, ज्याला मोटारवाल्या चाचांनी आयुष्यात एकदा तरी तोंडावर, चारचौघांत आणि अगदी मन लावून खरं सांगितलेलं नाही. आणि असाही सापडायचा नाही, जो त्या दिवशी तणतणत घरी गेला आणि पुढच्या बिघाडाला पुन्हा त्यांच्याच दुकानाची पायरी चढला नाही. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरून देणारे बीडमध्ये काही कमी नाहीत. पण बाकीचे मोटार दुरुस्त करतात, चाचा मोटारीबरोबर मालकालाही दुरुस्त करतात. पाटोद्याहून एकदा एक गृहस्थ पाणबुडी मोटार गाडीत घालून घेऊन आले आणि म्हणाले, "चाचा, मोटार जळाली बघा." चाचांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "जळाली न्हाई, तुमी जाळली. विहिरीत पाणी न्हाई आन् ही बिचारी कोरडीच फिरत बसली. तुमाला दोन दिवस पाण्याबिगर पळवलं तर?" गृहस्थ गोरेमोरे झाले. मोटार मात्र तिथंच ठेवून गेले.

निदान करण्याची त्यांची पद्धत अशी की, मोटार चालू करायची, लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या पाठीवर टेकवायचं, मूठ स्वतःच्या कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. त्या वेळी दुकानात कुणी खोकलं तरी शिवी ठरलेली. मिनिटभरानं डोळे उघडून ते निकाल देत, आणि तो निकाल चुकल्याचं मी वीस वर्षांत पाहिलं नाही. माझ्या घराची भिंत त्यांच्या दुकानाला लागून आहे, त्यामुळे निकाल मला घरबसल्या ऐकू येत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. "मास्तर, तू आवाजाचा धडा पोरांना शिकवतोस, पण तुला आवाज येत न्हाई बे," हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत, आणि ते त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांसमोरच जाहीर केलं होतं.

खरं बोलायला त्यांना जागा-वेळ लागत नसे. आमच्या एका शेजाऱ्यानं घर बांधलं. वास्तुशांतीचं जेवण चालू असताना चाचा हातातला पेला फरशीवर उपडा करून म्हणाले, "उतार उलटा काढलाय. पाणी मोरीकडं न्हाई, सैपाकघरात येणार." यजमान दोन महिने बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात उतार नीट करायला गवंडी आला. स्वतःच्या लेकीच्या लग्नाच्या बोलण्यातही त्यांनी सवय सोडली नाही. परभणीहून पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी कौतुकानं विचारलं, "मुलगी स्वभावानं कशी आहे?" चाचा म्हणाले, "रागीट हाय. माझ्यावर गेली. सालनात मीठ जास्त टाकती, आन् सांगितलं तर अजून टाकती." आत चाचींनी कपाळाला हात लावला. बाहेर मुलगा इतका मोकळा हसला की लग्न तिथंच ठरलं. "ज्या घरात बाप एवढं खरं सांगतो, तिथं फसायची भीती न्हाई," असं त्याचे वडील म्हणाले म्हणे.

ही लेक सासरी जाताना बापाच्या गळ्यात एक काचेची टाकी घालून गेली. टाकीत एक सोनेरी मासा होता, पदरासारखी शेपटी असलेला. लेक त्याला बेगम म्हणे. "अब्बा, हिला तुमीच बघा, आन् रोज मला फोनवर सांगा कशी हाय." ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मांजराला दूध घातलं नव्हतं, तो माणूस दुकानात, वार्निशच्या वासापासून लांब, वेगळी फळी ठोकून त्या टाकीची उठबस करायला लागला. रोज संध्याकाळी फोन. "आज चार दाणे खाल्ले. एक थुकला." "आज रुसून कोपऱ्यात बसली, तुझ्यासारखी." त्या माशाची दिनचर्या आमच्या घरात इतकी ऐकू येई की आमची बायको भाजी निवडता निवडता विचारायची, "अहो, बेगम आज जेवली का?"

आणि एका दिवाळीनंतर बेगम आजारी पडली. पाण्यात सरळ राहता येईना, एका कुशीवर कलंडून वर तरंगायची. शेपटी मारून खाली जायची, की पुन्हा आपोआप वर. चाचांनी पहिला उपाय त्यांच्या धंद्याचा केला. स्क्रूड्रायव्हर काचेला टेकवला, मूठ कानाला, डोळे बंद. "चालू हाय," ते म्हणाले, "पण बॅलन्स गेलाय." मग ते बेगमला स्टीलच्या डब्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले, आणि सोबतीला मला नेलं. पुढे एक म्हैस, मागे दोन शेळ्या, मध्ये आम्ही दोघं आणि डबा. म्हशीचा मालक डब्यात डोकावून म्हणाला, "दूध तपासायला आणलं काय?" डॉक्टर दमलेले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले? रवंथ करतंय का?" चाचांनी डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी डबा पाहिला, मग चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बहुधा मी शिकलेला दिसतो म्हणून. "मास्तर, निदान तुम्ही तरी..." पण माणूस भला. त्यांनी शहरातल्या आपल्या एका मित्राला फोन लावून विचारलं आणि उपाय सांगितला. दोन दिवस उपास. मग उकडलेल्या वाटाण्याचं साल काढून आतला गर, कणाएवढा. पाण्यात चिमूटभर खडे मीठ. आणि पाणी टाकीत निम्मंच ठेवायचं, म्हणजे आजारी जिवाला वर-खाली करायला कष्ट पडत नाहीत.

पुढचे पंधरा दिवस चाचा गिऱ्हाइकांवर ओरडले नाहीत. ज्या बोटांनी केसासारखी तार गुंडाळायची, त्याच बोटांनी ते वाटाणा सोलत बसत. बेगम सुधारली. पूर्ण नाही, पण दिवसातला बराच वेळ सरळ राहायला लागली. "लोड घ्यायला लागली," असं चाचांनी लेकीला कळवलं. त्याच सुमाराला त्यांच्या मोतीबिंदूची तारीख लागली. ऑपरेशन परभणीला, आठ दिवस लेकीकडे मुक्काम, चाचीही सोबत जाणार. आजारी मासा एसटीत नेता येईना. म्हणून टाकी, तिच्यातला बुडबुड्यांचा पंप, वाटाण्याची वाटी आणि मिठाची पुडी असा सगळा संसार भिंतीच्या अलीकडे, माझ्या घरी आला.

"नीट ऐक बे मास्तर," चाचा म्हणाले. "पाणी बदलायचं न्हाई. रोज एक तांब्या काढायचा, एक तांब्या टाकायचा. टाकायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवलेलं. आन् टाकी निम्मीच. ध्यानात राहतंय का लिहून देऊ?"

"चाचा, मी विज्ञानाचा शिक्षक आहे," मी म्हणालो. आजही हे वाक्य आठवलं की मला स्वतःला वर्गाबाहेर उभं करावंसं वाटतं.

चार दिवस मी आज्ञाधारक राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी गल्लीत ओरडा झाला, "नळ आला!"

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि तो येतो तेव्हा घरात सण असतो. पिंपं, हंडे, कळश्या, बादल्या, जे जे पाणी धरून असेल ते शिळं म्हणून रिकामं करायचं, घासायचं आणि ताज्या पाण्यानं काठोकाठ भरायचं. उरलेलं शिळं अंगणाला, झाडांना, गाडी धुवायला. बायको बचत गटाच्या बायकांबरोबर भल्या पहाटे नारायणगडाला दर्शनाला गेलेली, म्हणून त्या दिवशी हा सगळा कारभार एकट्या माझ्याकडे. मी धोतराचा काचा मारल्याच्या आवेशात लुंगी खोचली आणि भांडी उपसत सुटलो. पिंप झालं, हंडे झाले, देवाची तांब्याची घागर झाली. आणि मग माझी नजर टाकीवर गेली. निम्मी, गढूळ, तळाशी वाटाण्याचे कण. घरभर ताजं पाणी खळखळतंय आणि पाहुणी तेवढी शिळ्यात! मला खरोखर लाज वाटली. चाचा परत येऊन पाहतील तेव्हा काच कशी लखलखली पाहिजे, बेगमनं आरशात असल्यासारखं दिसलं पाहिजे, अशा थाटात मी तिला गाळणीनं तांब्यात काढलं, टाकी राखेनं घासली, नळाखाली धरली, काठोकाठ भरली, आणि बेगमला आत सोडलं. पाण्याला औषधाचा झणझणीत वास होता. तो वास का येतो, त्यानं पाण्यातले जीव कसे मरतात, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला शिकवतो. पंप लावला आणि शाळेत गेलो.

दुपारी परत आलो तेव्हा बेगम वर तरंगत होती, आणि या वेळी शेपटी मारत नव्हती. मी तिला बोटानं सरळ केलं. ती पुन्हा कलंडली. मी पुन्हा सरळ केलं. किती वेळ तेच करत होतो कोण जाणे. बायको प्रसाद घेऊन आली, तिनं टाकी पाहिली, मला पाहिलं, आणि प्रसाद देवापाशी ठेवून म्हणाली, "आधी फोन करा. आहे ते सांगा." आम्ही बेगमला अंगणात जास्वंदीखाली पुरलं. फोन मी केला नाही. संध्याकाळी तो तिकडूनच आला.

"कशी हाय बेगम?" चाचांचा आवाज. मागून लेकीचा, "अब्बा, विचारा, खाती का न्हाई."

"मजेत आहे," मी म्हणालो. तोंडातून कसं निघालं, मला माहीत नाही. "खाते की."

"फोन टाकीजवळ धर."

मी धरला. काठोकाठ भरलेल्या स्वच्छ, रिकाम्या टाकीत पंप बुडबुडे सोडत होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "थांब गं," चाचांनी पलीकडे लेकीला दटावलेलं ऐकू आलं. मग चाचा एवढंच म्हणाले, "बरं. ठेव." पुढचे तीन दिवस फोन आला नाही.

परत आले ते काळा चष्मा लावून, पिशवी हातातच, थेट माझ्या घरी. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते बोलायला मी तोंड उघडलं, तर मला हातानं थांबवून चाचा खाटेवर बसले. "मला तवाच कळलं. पंपाचा आवाज जड येत होता. भरल्या टाकीत पंप तसा बोलतो, आन् एका दमात भरलेल्या पाण्यात ती जगती व्हय? निम्मी ठेव म्हणलतो मी." मी मान खाली घातली. नळ आला होता, सगळंच भरत होतो, असं काहीबाही म्हणालो. "ते समजलं," ते म्हणाले. "नवीन माणूस. मी बी सुरवातीला लई मोटारी जाळल्या, उस्तादनं मारलं न्हाई. मारलीस ती मारलीस बे मास्तर. पण मजेत हाय म्हणालास, ते कावून?"

चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, रिकामी टाकी काखेत मारली आणि दारातून म्हणाले, "पोरीला मी सांगतो काय ते."

काय सांगितलं, ते मला ईदला कळलं. लेक माहेरी आली होती. दरवर्षीप्रमाणे मी आणि बायको गेलो. लेकीनं शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली आणि समोर बसली. "सर, अब्बा म्हणले, बेगम म्हातारी झालती, झोपेतच गेली. आन् तुमी तिला लई जपलं, रात रात बघत बसलता. माझ्यासाठी एवढं कोण करतंय?" तिचे डोळे भरून आले होते. मी चाचांकडे पाहिलं. सोयरिकीच्या बैठकीत स्वतःच्या पोरीचे दोष मोजून दाखवणारा तो माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा करत असलेलं काम त्याला अजिबात जमत नव्हतं. पोर मात्र ते खरं धरून बसली होती, कारण आपला बाप खोटं बोलतो हे तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तिथंच, त्या क्षणी, एक वाक्य बोललो असतो तर चाचांच्या अंगावरचं ते ओझं उतरलं असतं. बायकोनं माझ्या कोपराला हळूच ढोसलंही. मी घसा साफ केला.

"सर, अजून घ्या ना थोडा," लेक म्हणाली. "तुमच्यासाठी काजू जास्त टाकलेत."

मी वाटी पुढे केली.