रविवारचं पितळी ताट

प्रिय रूथ आणि जॉय,

मागच्या आठवड्यात रूथ फोनवर म्हणाली, "आजी, मी कधी काही वेडंवाकडं केलं नाही, म्हणून मला कोणी विचारतच नाही. जॉय दारू सोडवायला दवाखान्यात गेला आणि सगळं घर त्याच्यामागे धावतंय." तिथल्या तिथे उत्तर देणं मला जमत नाही; मी आधी कच्चं लिहिते, मग पक्कं. हे पक्कं आहे. दोघांना एकत्रच पाठवते, म्हणजे कोणाला काय लिहिलं ही चौकशी नको.

मला तुम्हाला एका बाईबद्दल सांगायचं आहे. मी नुकतंच घासून ठेवलेलं पितळी ताट ती उचलायची, पदराने पुन्हा पुसायची, दारात उभी राहून गल्लीच्या टोकापर्यंत बघायची आणि विचारायची, "कोण राहिलंय?"

ही पिंपरीतली गोष्ट आहे. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. नगरच्या मिशन बोर्डिंगात शिकून मी एका कंपनीच्या ऑफिसात स्टेनो म्हणून लागले होते. आई मी लहान असतानाच गेली होती. मी भाड्याने घेतलेल्या खोलीच्या शेजारीच या बाईची खाणावळ होती. तिचा नवरा खेड्यापाड्यांतून फिरणारा उपदेशक होता. तो वारल्यावर ती एक स्टोव्ह, चार भांडी आणि हे ताट घेऊन पिंपरीत आली. तिच्याकडे सगळ्या शिफ्टची मुलं जेवायची. मराठवाड्यातली, कोकणातली, आपल्या ख्रिस्ती मंडळीतली, कोणाकडे पंढरीच्या विठोबाचा फोटो, कोणाकडे बुद्धाचा. सगळे तिला आत्या म्हणत. मीही म्हणे. पण मनातल्या मनात मी तिला दुसरंच काही म्हणायची, आणि तेच सगळ्या दुखण्याचं मूळ होतं.

ते ताट फक्त रविवारी निघायचं. उपासनेनंतर बाकीच्यांना जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटल्या, आणि एकाला पितळी ताट. त्या ताटाला पहिली भाकरी, रश्शावरची तर्री, आणि आत्या स्वतः समोर बसून वाढणार. नवीन मुलांना वाटायचं, हा कसला तरी मान आहे. मलाही वाटलं होतं. मी भांडी घासत होते, रविवारच्या गीतांचा सूर धरत होते, ऑफिसातून कधी उशिरा आले नव्हते. म्हटलं, आज ना उद्या आपला नंबर लागेल.

नंबर लागला तो कंपनीने सस्पेंड केलेल्या एका टर्नरचा. मग बायकोला मारून माहेरी पाठवलेल्या एकाचा. मग जुगारात घड्याळ घालवलेल्या एकाचा. त्या आठवड्यात जो सगळ्यांच्या नजरेतून उतरला असेल, त्याच्यासाठी ते ताट. तुम्ही त्या खोलीत बसला असता, तर दोन-चार रविवारांत तुमच्याही हे ध्यानात आलं असतं. मला ध्यानात येऊनही पटलं नाही.

"आत्या, अहो, मी काय घोडं मारलंय?" एकदा मी हसत हसत विचारलं.

"काय न्हाई मारलंस," ती म्हणाली. "म्हणून तर तुझी जास्ती काळजी वाटती."

मुलं खो खो हसली. मी रात्री जेवले नाही. ते तिच्या लक्षात आलं असावं. पण तिने काही विचारलं नाही.

मग तो फिटर आला. त्याचं नाव मी लिहीत नाही. उंच, देखणा, गोड गळ्याचा, आणि संध्याकाळी शुद्धीत नसणारा. कोणत्याच खाणावळीत त्याला उभं करत नव्हते. आत्याने केलं. पितळी ताट त्याच्या हातात इतक्या वेळा गेलं की मुलं म्हणायला लागली, "भावा, यावर तुझं नावच घालून घे आता." तो जेवण झाल्यावर गाणं म्हणायचा आणि आत्या डोळे मिटून ऐकायची. मी सूर धरायची तेव्हा तिचे डोळे उघडे असायचे.

माझं लग्न ठरलं. त्याआधीच्या रविवारी ताट मला मिळणार, यात मला शंका नव्हती. त्याच आठवड्यात फिटरने आत्याची सगळी भांडी पळवली. पातेली, परात, कळशी, सगळं मोडीत घातलं आणि प्यायला. आत्या शेजारणींकडून भांडी मागून आणून पोरांना जेवू घालत होती. शनिवारी तो उगवला. बगलेत पितळी ताट. पळताना पडलं होतं, एका कडेला पोचा आला होता. म्हणाला, "आत्या, हे एवढं विकवलं न्हाई."

रविवारी त्याच ताटात तिने त्याला वाढलं.

मी उठून बाहेर आले. ती मागे आली. मी म्हटलं, "हा चोर आहे."

"व्हय."

"उद्या पुन्हा चोरेल."

"चोरंल बी."

"मग आधी सुधारू दे त्याला. मग वाढा."

तिने पदराला हात पुसले. म्हणाली, "पोरी, उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, तू माझ्या शेजारी बसून रडलीस. कशासाठी रडलीस मग? प्रभूनं वाट बघितली व्हती का, आपण सुधरायची? आधी त्यो मेला. आपलं सुधरणं मागनं. अजून चाललंय. तुझं बी, माझं बी."

मला माझं नाव त्या फिटरच्या पंगतीत घेतलेलं आवडलं नाही. लग्नात ती आईच्या जागी उभी राहिली, हिरवं लुगडं नेसून, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. पण मला आठवतो तो मांडवाच्या दाराशी उभा असलेला फिटर, आणि मध्येच उठून त्याला पान वाढायला गेलेली ती.

पुढे माझं घर लागलं. कॉलनीत क्वार्टर मिळालं, तुमचा बाबा झाला. आणि कळलं की फिटरला क्षय झाला आहे आणि आत्याने त्याला आतल्या खोलीत ठेवलं आहे. त्याचा खोकला ऐकून पोरांनी एकेक करून दुसरी खाणावळ धरली. त्यांना तरी काय म्हणायचं? चूल एका माणसासाठी पेटू लागली. दूध आलं तर त्याला, अंडं आलं तर त्याला.

मी तिला न्यायला गेले. तुमच्या आजोबांनीच पाठवलं होतं. म्हटलं, "आत्या, त्याला सरकारी दवाखान्यात पाठवा आणि माझ्याकडे चला. कायमच्या. बाळाला आजी होईल."

तिला ते हवं होतं. तिच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं, म्हणून सांगते. ती बाळाची पावलं हातात धरून बराच वेळ बसली.

"तुझ्याकडं नवरा हाय, लेकरू हाय, दारात नळ हाय," ती म्हणाली. "त्याला कोण हाय?"

"मला आई नाही," मी म्हटलं. हे मी तोपर्यंत कोणालाच म्हटलं नव्हतं.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. आणि आली नाही.

तो सुईवर आणि गोळ्यांवर बरा झाला. तीच ओढली गेली. तिचा खोकला तिने कोणाला ऐकू दिला नाही, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत मी डबा घेऊन रोज जायची. एका दुपारी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "कोण राहिलंय?"

"मी आहे, आत्या."

तिने माझा हात गालाशी धरला. मला वाटलं, आता तरी. मग ती म्हणाली, "आन् त्यो? जेवला का त्यो?"

दफनाला गर्दी झाली होती. पाळकसाहेबांची प्रार्थना संपायच्या आत फिटरने हंबरडा फोडला आणि सगळे त्याला धरायला धावले. मी माती टाकली आणि बाजूला झाले. रडण्याचा मानही त्यालाच मिळाला.

पुढच्या रविवारी तो आमच्या क्वार्टरच्या दारात उभा. दाढी केलेली, धुतलेला सदरा. हातात पितळी ताट, त्यात फडक्याखाली भाकरी आणि पिठलं. भाकरी एका बाजूने करपलेली होती.

"मीच केलंय," तो म्हणाला. "बसा बाई. तुम्हाला वाढायचंय."

"कोणी सांगितलं?"

"आत्यानं. म्हणाली, ती पोरगी लई वर्सं या ताटाकडं बघती. तिला यातच वाढायचं, पर तू वाढ. मी वाढलं तर ती बक्षीस समजंल."

त्याला या बोलण्याचा अर्थ कळला होता असं वाटत नाही. निरोप जसाच्या तसा पोचवायचा, एवढंच त्याच्या तोंडावर होतं. मी दारात उभी राहिले. दार लावून घ्यावं असंही मनात आलं. तो हातात ताट धरून तसाच थांबला होता.

मी बसले. त्याने भाकरी मोडून दिली. मी जेवले. पिठल्यात मीठ जास्त होतं. तो समोर बसून, आत्या बसायची तसा, घासाघासाला बघत होता.

ताट ठेवून तो गेला. भोसरीत एका वर्कशॉपला लागला असं ऐकलं, मग कोणी म्हणालं पुन्हा पितो, कोणी म्हणालं चाकणला संसार करतो. खरं काय ते मला माहीत नाही. त्याचा हेवा मला अजून वाटतो. तिच्या शेवटच्या शब्दांत तो होता.

रूथ, तुला काय झालं आहे ते मला आतून माहीत आहे. जॉय, तुला भाकरी करता येत नसेल तर नाताळपर्यंत शीक. रूथला वाढायला ताट मी देईन.

खाणावळ पाडली, तिथे आता गाळे आहेत. तिचा फोटो कोणाकडे नाही. ताट माझ्याकडे आहे. कल्हई गेली आहे, कडेला पोचा आहे, आणि रविवारी मी त्यातच जेवते.