आप्पा आणि पुढची सीट

आडगाव नाक्यावरच्या हेडवाल्या आप्पांनी आयुष्यात कुणाला गॅरंटीचा कागद दिला नाही. इंजिनाचं तडकलेलं हेड जोडून बसवलं, की हात पुसत ते थेट गाडीच्या पुढच्या सीटवर चढून बसायचे. "चल, घाट दाखव!" घाट चढूनही इंजिन तापलं नाही, तरच काम पुरं. माझी प्रवासी जीप सुरगाण्याच्या घाटातल्या लायनीवर धावायची. मला याहून मोठा भरवसा कोण देणार होतं?

तडा किती खोल, हे बघायची त्यांची रीत मोठी मजेची. हेडला रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडू फासायचा. तडा असेल तिथे ओली रेघ उमटायची. आम्ही सगळे श्वास रोखून वाकायचो! रेघ आखूड असली की आप्पा खूश. "घरात कुणाला ताप आला तर माणूस बदलता का रे?" पण लांबलचक निघाली, तर हेड बाजूला सारत. "नवं घाल. यात मी नाय बसायचो." मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत.

भट्टीत तापवून जोडलेलं हेड ते गरम राखेत पुरून सावकाश निवू देत. कुणी घाई केली की खेकसायचे, "बाळंतीण हाय ती. वारा नको लागू देऊ!"

एकदा ऐन लग्नसराईत माझंच हेड तडकलं. दोन दिवसांवर सुरगाण्याचं वऱ्हाड ठरलेलं, आणि माझ्या जुन्या जीपला नवं हेड अख्ख्या नाशकात मिळेना. आप्पांनी खडू फासला. रेघ आखूड! मी उडीच मारली. आप्पा मात्र पाय चोळत बसले. त्यांचे गुडघे पार गेले होते.

"जुडंल रे. पण मला चढता येत नाय. मी बसल्याबिगर वऱ्हाड कसं बसवू?"

मी भडकलोच. "आप्पा, तुम्ही जोडा! चढवायचं मी बघतो!"

हेड बसलं, तसं शेजारच्या गॅरेजवाल्यांनी आप्पांना खुर्चीसकट उचललं आणि नवरदेवासारखं पुढच्या सीटवर नेऊन बसवलं. वणीच्या पुढे घाट लागला. "काट्याकडं बघ, काट्याकडं!" आप्पा ओरडत होते. "तुम्हीच बघा, मला रस्ता बघू द्या!" मीही ओरडत होतो. इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्यावर आला आणि तिथेच थांबला. माथ्यावर पोचताच आप्पांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "पास!" आणि लहान पोरासारखे खदखदून हसले.

वऱ्हाड वाजतगाजत पोचलं. आप्पांनी मात्र त्यानंतर भट्टी पेटवली नाही. गेल्या वर्षी ते गेले. नाक्यावरून जाताना अजून माझा पाय ब्रेकवर जातो.

त्यांनी जोडलेलं हेड अजून चालतंय. परवा स्पेअर पार्टवाला दुकानदार म्हणाला, "आता नवं मिळतंय, बदलून टाका की."

म्हटलं, "बदलतो. पण बसवलं की तू पुढच्या सीटवर बसायचं. घाट संपेपर्यंत."

तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.