मोटारीची नाडी पाहणारे भाऊशास्त्री

समस्त वाचकांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि रस्त्याने पायी जाणाऱ्या सर्व सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मोटारीला नाडी असते. ती स्टिअरिंगच्या चाकावर उजव्या हाताच्या तीन बोटांखाली लागते, सकाळी रिकाम्या पोटी अधिक स्पष्ट लागते, आणि ती पाहणे चालू असताना मागे बसलेल्या माणसाने खोकू नये. हा शोध बेलापूरच्या भाऊशास्त्री वैद्यांनी लावला. मागे बसलेला माणूस मी होतो, आणि मी खोकलो होतो.

इंग्रज देश सोडून चालले होते त्या दिवसांतली ही गोष्ट. मी बेलापूरच्या शाळेत मास्तर म्हणून नवा लागलो होतो आणि शास्त्रीबुवांच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. शास्त्रीबुवा पन्नाशीचे, धोतर-सदऱ्यातले, कानात भिकबाळी घालणारे वैद्य. नगरच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचं जुनं पोटदुखणं त्यांनी बरं केलं होतं. विलायतेला परत जाताना साहेबाला पोट नेता येत होतं, मोटार नेता येत नव्हती. ती त्याने कृतज्ञतेपोटी शास्त्रीबुवांना देऊन टाकली.

मोटार लाल होती, बुटकी होती, टपाच्या जागी नुसतं कापड होतं आणि पुढे दोनच माणसं बसत. साहेबलोक तिच्यातून शर्यती खेळत. अशी गाडी वैद्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा गावाला वाटलं, आता हे ती विकणार. शास्त्रीबुवांनी तिला चहूबाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, हिच्यातून मी हिला मिरजगावला नेणार."

पहिली 'हिच्यातून' म्हणजे मोटार. दुसरी 'हिला' म्हणजे आमच्या द्वारकाकाकू.

काकूंचं माहेर मिरजगाव. बस असो की आगगाडी, चाकं फिरली की काकूंचं पोट फिरायचं. एकदा त्या निम्म्या वाटेवरून अर्धमेल्या परत आल्या, त्यानंतर कित्येक वर्षं माहेरी गेल्या नव्हत्या. आता त्यांच्या आईला मोतीबिंदू झाला होता. एका डोळ्यात अंधार, दुसऱ्यात थोडा उजेड. कोणी तिकडून आलं की म्हातारीचा निरोप ठरलेला असे: "उजेड हाये तंवर लेकीनं तोंड दाखवून जावं म्हनावं." निरोप ऐकला की काकू स्वयंपाकघरात जात आणि तिथली भांडी बराच वेळ वाजत राहत.

शास्त्रीबुवांनी मोटार चालवायला शिकून घेतली, तीनचार दिवस ती फिरवली आणि मग अंगणात चिंचेखाली उभी करून निदान सांगितलं.

"मास्तर, हिला मेद झालाय."

"मोटारीला?"

"नुसता मेद. खालून रस्ता काहीतरी सांगतोय आणि ही वरच्यावर गोड हसून वेळ मारून नेतेय. रोगी बोलायला लागला की त्याच्या नातेवाइकांनीच उत्तरं द्यावीत, तसं चाललंय. माझ्या हातापर्यंत काही पोचतच नाही."

सर्व्हिस मोटारी, म्हणजे त्या वेळच्या बसगाड्या, दुरुस्त करणारे उस्मानभाई मिस्त्री तिथे पान खात उभे होते. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, काकूंला बसायचं हाय ना? मंग मऊ करा की. गाद्या टाका, स्प्रिंगा ढिल्या करा. तुमी तर उलटं निघालाय."

"मऊपणानंच मळमळतं, उस्मान. मऊ गाडी एकदा डुलते, मग विचार करते, मग पुन्हा डुलते. यातलं खरं डुलणं कोणतं, हे पोटाला कळत नाही. कडक गाडी एकदाच धक्का देते आणि मोकळी होते."

"आन् बसनाऱ्याचं कंबरडं?"

"त्याला माझ्याकडे तेल आहे."

उपचार लंघनापासून सुरू झाले. जे जे निघण्यासारखं होतं ते ते शास्त्रीबुवांनी मोटारीच्या अंगावरून उतरवलं. पुढचा-मागचा बंपर निघाला, कापडी टप निघाला, दारांच्या आतलं अस्तर निघालं, जास्तीचं चाक निघालं. पुढच्या बंपरवर काकू लुगडी वाळत घालू लागल्या. अस्तराची गादी करून ती ओटीवर रोग्यांसाठी टाकली. बाजारात लोक म्हणू लागले, "शास्त्रीबुवांनी लाल मोटार आनली आन् कापून खाल्ली." शास्त्रीबुवा म्हणाले, "खाल्ली नाही. हिला भूक लागेपर्यंत उपाशी ठेवलीय."

मग स्टिअरिंग. चाक थोडं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नसत. मधे बरीच ढील होती. शास्त्रीबुवांच्या मते हा वाताचा प्रकार होता. त्यांनी देवघरातलं एक चिरलेलं ताम्हन आणलं, उस्मानभाईंनी त्याच्या पातळ चकत्या कापल्या आणि जिथे जिथे ढील होती तिथे तिथे बसवल्या. या कामात शास्त्रीबुवा मोटारीखाली उताणे असत आणि काकू वर चाकाशी बसलेल्या असत.

"डावीकडे घे. किंचित. किंचित म्हणजे मीठ टाकतेस तितकं. आता उजवीकडे."

"अहो, आमटी उतू जातेय."

"आमटी जाऊ दे. तुला हाताला काही लागलं का?"

"भूक लागलीय."

असं महिनाभर चाललं. काकूंनी उभी मोटार जितकी वळवली असेल, तितकी चालती मोटार आमच्या गावात कोणी वळवली नव्हती.

स्प्रिंगांच्या पट्ट्यांना शास्त्रीबुवांनी मोडलेल्या हाडाला बांधतात तसा अंबाडीच्या दोरीचा घट्ट बंध घातला. त्या खरोखर कडक झाल्या. इंजिनात त्यांनी एरंडेल घातलं. मी घाबरलो, पण उस्मानभाई म्हणाले, "घालू द्या, मास्तर. साहेबलोक शर्यतीत ह्येच घालायचे." इंजिन सुरेख चालू लागलं. फक्त मोटार गावातून गेली की मागे एरंडेलाचा वास दरवळे, आणि रविवारी सकाळी एरंडेल घ्यायची शिस्त असलेल्या घरांतली पोरं आमचा आवाज ऐकताच माळ्यावर जाऊन लपत.

एकच उपचार फसला. स्टिअरिंगच्या सांध्यांना बाजारचं वंगण नको, म्हणून शास्त्रीबुवांनी तिथे शतधौत घृत भरलं. हे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप असतं, भाजलेल्या कातडीवर लावतात. धुवायला अर्थात काकू होत्या. चाक इतकं अलवार फिरू लागलं की, उस्मानभाईंनी सुद्धा पान थुंकून दाद दिली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मोटारीखाली दोन कुत्री चाटत बसलेली आणि चाकापर्यंत मुंग्यांची रांग. उस्मानभाईंनी मुकाट्याने सगळं पुसून काढलं आणि काळं वंगण भरलं.

"औषध बरोबर होतं," शास्त्रीबुवा म्हणाले. "रोगी चविष्ट निघाला."

आता माझ्याविषयी. मेद झडल्यामुळे मोटारीचं मागचं अंग हलकं झालं आणि वळणावर ते भलतीकडेच जाऊ लागलं. शास्त्रीबुवांनी मागच्या सामानाच्या खोबणीत पाटा ठेवून पाहिला. मग पाटा काढून मला बसवलं. "पाटा चांगला आहे," ते म्हणाले, "पण वळणावर झुकत नाही. मास्तर झुकतात." शिक्षण खात्यात माझ्याविषयी इतकं चांगलं कोणी कधी बोललं नाही.

मोटार तयार झाल्यावर परीक्षा झाली. मागच्या खोबणीतून मी ती पाहिली. उस्मानभाई शेजारी बसले. शास्त्रीबुवांनी डोक्याला उपरणं बांधलं, चाकावर तीन बोटं टेकवली, आणि मोटार नदीकाठच्या मोकळ्या माळावर नेऊन चक्क डोळे मिटले. खालून जाईल ते नुसत्या बोटांनी ओळखायचं, असं ठरलं होतं.

"वाळू... बैलगाडीची चाकोरी... शेण, कालचं..."

उस्मानभाईंनी हळूच आपला खांद्यावरचा रुमाल पुढच्या चाकाखाली टाकला.

"कापड," शास्त्रीबुवा म्हणाले.

"कसलं?"

"मळकं."

उस्मानभाईंनी त्या दिवसापासून वाद घालणं सोडलं.

शास्त्रीबुवा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेले तेव्हा त्यांची तीन बोटं स्वतःच्याच मनगटावर होती आणि चेहऱ्यावर निदान बरोबर आल्याचं समाधान होतं. त्यांनी गावातले निम्मे लोक बरे केले आणि उरलेल्यांना गप्प बसायला शिकवलं. पण त्यांचं निदान चुकलेलं मी एकदा पाहिलं, आणि ते त्यांनी भररस्त्यात कबूल केलेलंही पाहिलं. म्हणून मिरजगावची गोष्ट सांगितल्यावाचून मला थांबता येत नाही.

दिवाळीनंतरच्या थंडीत आम्ही निघालो. शास्त्रीबुवा चाकाशी, शेजारी काकू, मागे मी, माझ्या मांडीवर आईसाठी केलेल्या अनारशांचा डबा. काकूंच्या एका मुठीत लिंबू होतं आणि दुसऱ्या मुठीत ओवा. मोटार सरळ सुटली. रस्त्यावरचा प्रत्येक खडा माझ्या मणक्यांना व्यक्तिशः भेटत होता. शास्त्रीबुवा तृप्त होते.

राहुरीच्या आधी काकूंनी हात वर केला. थांबलो. राहुरीनंतर पुन्हा थांबलो. नगर येईपर्यंत लिंबू संपलं, ओवा संपला आणि काकूंचा आवाजही संपला. नगर मागे टाकून सोलापूरच्या रस्त्याला लागलो, तिथे एका बाभळीखाली त्या उतरल्या आणि दगडावर बसल्या.

"अहो, मागे फिरवा."

"अगं, निम्म्याच्या पुढे आलो आपण."

"माझ्यात त्राण नाही. तुम्ही दोघं जा, नाहीतर मला घरी न्या. आईला निरोप धाडा, द्वारका निघाली होती म्हणून." मग जरा वेळाने म्हणाल्या, "तेवढं पुरेल तिला."

ते पुरणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पुन्हा निघणं होईपर्यंत म्हातारीच्या डोळ्यात काय उरेल, कोणी सांगावं? शास्त्रीबुवांनी काकूंची नाडी पाहिली. मग ते मोटारीत जाऊन बसले, चाकावर बोटं ठेवली, डोळे मिटले. मी खोकलो नाही.

"मास्तर," ते आतूनच म्हणाले, "मला का मळमळत नाही?"

"तुम्ही चालवताय, शास्त्रीबुवा."

त्यांनी चाकावरची बोटं उचलली. मग खाली उतरले.

"चुकलो मी. खड्डा यायच्या आधीच मला कळतं खड्डा येणार. हिला तो आल्यावर कळतो. इतके महिने सगळा रस्ता मी माझ्या बोटांत आणून ठेवला, हिच्यासाठी काही ठेवलंच नाही." काकूंकडे वळून म्हणाले, "ऊठ. तिकडे बस. चाकाशी."

"मी?" काकूंना एकाएकी आवाज फुटला. "अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक आहेतच कुठे? मास्तर आहेत, आणि ते झुकण्यापलीकडे काही करत नाहीत."

"मी पोरवयात छकडा हाकलाय. मोटार नाही."

"महिनाभर उभी वळवलीस. आता चालती वळव. गिअर मी टाकतो."

पायाने काय दाबायचं ते शास्त्रीबुवांनी समजावलं. काकूंनी पदर खोचला. पहिल्या झटक्यात मोटार उडी मारून थांबली, दुसऱ्या झटक्यात निघाली. काकूंनी बैलाचा कासरा ओढावा तसं चाक ओढलं आणि आम्ही सरळ चराकडे निघालो.

"ओढू नको!" शास्त्रीबुवा ओरडले. "मिठाइतकं! मिठाइतकं!"

काकूंनी मिठाइतकं फिरवलं. मोटार वाटेवर आली आणि तिथेच राहिली.

पुढचं काय सांगू! रस्ता मोकळा, दोन्हीकडे ज्वारी उभी, आणि काकूंच्या तोंडावर हळूहळू रंग चढत होता. "अहो, हिला सांगावंसुद्धा लागत नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अहो, पुढचा गिअर." आणि थोड्या वेळाने, "याच्या पुढचा नाही का?" एका बैलगाडीला त्यांनी असा काही वळसा घातला की गाडीवान उभा राहून पाहत राहिला. "अहो, मळमळ थांबली!" असं त्या ओरडल्या, तेव्हा शास्त्रीबुवांनी नुसतं "बरं" म्हटलं. तो "बरं" मला बरा वाटला नाही.

रुईछत्तिशी मागे पडेपर्यंत शास्त्रीबुवांनी दाराची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्या जागेवर ते आयुष्यात कधी बसले नव्हते. त्यांच्या तोंडाचा रंग आधी पिवळा झाला, मग हिरवट. वळणावर झुकायचंही ते विसरले. मला दोघांचं झुकावं लागलं. "थांबू का हो?" काकूंनी विचारलं. शास्त्रीबुवांनी मान हलवली. नको. उजेड जायच्या आत पोचायचं होतं.

मिरजगावात मोटार शिरली ती मागे निम्मं गाव घेऊनच. काकूंनी ती माहेरच्या दारात थांबवली. म्हणजे ती ओट्याला टेकून थांबली. ओट्यावर भिंतीला पाठ लावून त्यांची आई बसली होती. काकू उडी मारून उतरल्या, धावत गेल्या आणि आईच्या पुढ्यात गुडघे टेकून बसल्या. म्हातारीने आधी लेकीचं तोंड हातांनी चाचपलं. मग ते दोन्ही तळव्यांत धरून आपल्या बऱ्या डोळ्याजवळ नेलं आणि पाहत राहिली. मी अनारशांचा डबा घट्ट धरून उभा राहिलो.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने शास्त्रीबुवा उतरले. दोन पावलं चालले, एका हाताने भिंत धरली, दुसऱ्या हाताने पोट धरलं, ओणवे झाले आणि व्हायचं ते झालं. काकू धावत जाऊन त्यांची पाठ चोळू लागल्या. शास्त्रीबुवांनी तोंड पुसलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "घरात काही आंबट आहे का गं?"

म्हातारीने कपाळावर हात धरून त्या दिशेला निरखून पाहिलं. टवटवीत लेक पाहिली, पाठ चोळून घेणारा जावई पाहिला, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं द्वारके, बाळंतपनाला जावयाला घेऊन आलीस व्हय?"