गुरुजींचं लाकूड

मल्लूअण्णा गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी सातवीच्या वर्गाला तरफेचे प्रकार शिकवत होतो. त्यांच्या वखारीतला हमाल दारात येऊन म्हणाला, "गुरुजी, अण्णा गेले की..." सकाळी अंघोळ करून विभूती लावली, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत बसल्या जागी संपले. माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही. आता सांगायचं राहिलंच, हा आला. पाच-सहा आठवडे झाले, तो विचार पाठ सोडत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सात रस्ता चौकाच्या पुढं अण्णांची लाकडाची वखार. तिथं बँडसॉ होता. वर एक, खाली एक अशी दोन मोठी चाकं आणि त्यांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. ओंडका कुणाचाही असो, मोटर सुरू करण्याआधी अण्णांचा साग्रसंगीत कार्यक्रम चालायचा. चाक हातानं फिरवून पट्टा दोन्ही चाकांवर नीट बसलाय का पाहायचं, अंगठ्यानं दाबून ताण बघायचा, पट्ट्याला धरून ठेवणारं गाईड ओंडक्याच्या वर जेमतेम बोटभर राहील इतकं खाली आणायचं, चाकांची झाकणं लावायची आणि आम्हा बघ्यांना पट्ट्याच्या रेषेतून बाजूला हाकलायचं. संध्याकाळी पट्ट्याचा ताण सैल करून ठेवायचे. "त्यो बी दमतोय की दिवसभर," म्हणायचे. मी त्यांना चिडवायचो, अण्णा, तुमची पूजा आटपेपर्यंत लाकडाला पालवी फुटेल. त्यावर ते नुसते हसत आणि शेवटचं काम करत. गिऱ्हाईकाला विचारत, लाकडात खिळा आहे का. फिरता पट्टा लोखंडावर गेला तर तुटतो, आणि तुटलेला पट्टा कुणाला गाठेल ते सांगता येत नाही.

दुष्काळात मंगळवेढ्याच्या आमच्या शेतातला कडुलिंब वाळला. शुक्रवार पेठेतल्या घराला चौकट हवी होती, म्हणून मी त्याचा बुंधा वखारीत आणला. नेमके आमचे हेडमास्तरही शाळेच्या बाकांसाठी फळ्या घ्यायला आलेले. सगळी तयारी करून अण्णांनी विचारलं, "गुरुजी, खिळा-बिळा न्हाय न्हवं यात?"

होता. मला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या काही वर्षं आधी सुट्टीत गावी गेलो असताना दाढेनं जीव नकोसा केला होता, तेव्हा आईनं दाढेचं दुखणं झाडात उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं मला याच कडुलिंबाला टेकवून उभं केलं, माझ्या तोंडाच्या उंचीवर खिळा धरला आणि प्रत्येक घावाला विचारलं, दुखतंय का? मी विज्ञानाचा शिक्षक, अंधश्रद्धेवर व्याख्यानं झोडणारा, आणि प्रत्येक घावाला निमूट नाही म्हणत होतो. पुढं त्या खिळ्यावर साल धरली. हे हेडमास्तरांसमोर कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हणालो, "नाही."

मोटर सुरू झाली. खिळा बुंध्याच्या टोकापासून पाच फुटांवर असणार, हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. पट्टा एखादवेळेस त्याच्या बाजूनं निघून जाईल, खिळा गंजून गेला असेल, म्हाताऱ्यानं तो फार खोल ठोकलाही नसेल... दोन फूट झाले. अण्णांचे दोन्ही हात ओंडक्यावर होते. तीन फूट झाले. चौथा फूट सरला आणि मी ओरडलो, "अण्णा, थांबा!" त्यांनी तत्काळ मोटर बंद केली, पण एवढी जड चाकं काय लगेच थांबतात? कडकन आवाज झाला. पट्टा तुटून झाकणाच्या आत थडाथडा आपटला. एक दात मात्र उडून अण्णांच्या डोळ्याखाली लागला. अर्धा इंच वर लागता तर डोळाच गेला असता. त्यांनी आधी रक्त पुसलं नाही. आधी मी कुठं उभा आहे ते पाहिलं.

अण्णांनी पटाशीनं खिळा उकरून काढला. हेडमास्तर म्हणाले, हे खेडवळ लोकांचे देवऋषीपणाचे धंदे. अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "तसं न्हाय सर," ते म्हणाले, "कुणीतरी जनावर बांधाया ठोकला असंल." आणि खिळा गुपचूप माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सांगायला म्हणून गेलो. अण्णा तुटलेल्या पट्ट्याची टोकं कानशीनं घासत बसले होते. चहा मागवला, पावसापाण्याचं बोलले. मी चहा प्यायलो आणि परत आलो. असा किती वेळा चहा प्यालो असेन, त्याची गणती नाही. दोस्ती तुटली नाही, उलट वाढली. पाळणा झाला, कपाट झालं, पोरींची टेबलं झाली. पण एक गोष्ट ध्यानात यायला मला वर्ष लागलं. खिळ्याचं ते सगळ्यांना विचारत, फक्त मला विचारत नसत. माझं लाकूड आलं की न बोलता खाली बसत आणि तळहातानं इंच न् इंच चाचपत. ही माफी होती की अविश्वास, हे मला कधी कळलं नाही. दर वेळी वाटायचं, आज विचारतील आणि आज मी सगळं ओकून टाकीन. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी भेकड होतो, दुसरं काय?

गेल्या आठवड्यात एक जुनी फळी घेऊन वखारीत गेलो. आता अण्णांचा मोठा मुलगा गुरुनाथ काम बघतो. त्यानं ताण पाहिला, गाईड खाली आणलं आणि मग मांडी घालून माझ्या फळीवर हात फिरवायला लागला. मला का विचारत नाहीस, असं मी म्हणालो.

"अण्णांनी सांगून ठेवलंय. गुरुजींचं लाकूड आपुन बघायचं, त्यास्नी इचारायचं न्हाय. त्यास्नी तरास हुतो."

मी तिथंच भुशावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. दाढ माझी होती, खिळा माझा होता, तुझ्या वडिलांचा डोळा माझ्या लाजेपायी जाणार होता. बोलून झाल्यावर मी म्हणालो, "आता विचार."

"गुरुजी, खिळा हाय का यात?"

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि फळीच्या दुसऱ्या टोकाकडून हात फिरवायला लागलो.