बंद दाराला कान

दर रविवारी दुपारी गारखेड्यातल्या माझ्या हॉलमध्ये आम्ही फासे टाकत गोष्टीचा खेळ खेळतो. गोष्ट मी सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. त्यांच्यातला एकजण शेंद्र्याला कारखान्यात आहे. खेळात तलवारी निघाल्या की तो मागं सरतो. त्याच्या पात्राला बंद दाराआडचं ऐकू येतं, आणि ही विद्या तो धर्मशाळेत, देवळात, कुठंही वापरतो. "थांबा, आधी ऐकू द्या," म्हणत खरोखरच डोळे मिटतो. बाकीचे वैतागतात; मला मात्र तो आवडतो.

एकदा फासा टाकून त्यानं मान वळवली ती माझ्या घरातल्या मागच्या खोलीकडं. आई गेल्यापासून ती बंदच आहे.

"तिथं कोण हाय, भाऊ?"

"कुणी नाही. तू खेळातलं दार बघ."

"नाय. पलीकडून बी कुणीतरी कान लावलाय."

सगळे हसले. मी चहा ठेवायला उठलो.

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा आला, खेळला. फक्त त्या दाराकडं तोंड करून बसला आणि दुपारभर मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत राहिला. आईला शेवटी शेवटी असं बोललं तरच ऐकू यायचं. हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.